भीमा-कोरेगावचा स्तंभ आणि त्याच्या आठवणीचा इतिहास

डिसेंबर संपत आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून कोरेगावला जाणाऱ्या गाड्यांची वर्गणी सुरू होते. १ जानेवारीला पांढरी वस्त्रे परिधान केलेले लाखो बंधू-भगिनी विजयस्तंभाला मानवंदना देतात, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात आणि परतताना पुस्तकांच्या स्टॉलवरून एखादे पुस्तक घेऊन येतात. या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते : पाचशे शूरांनी अठ्ठावीस हजारांना पळवून लावले आणि पेशवाई बुडवली. आम्हीही हे वाक्य ऐकतच मोठे झालो. पण हा स्तंभ कुणी आणि कशासाठी उभारला, आणि तो आपला केव्हा झाला, हे तरुण पिढीला क्वचितच सांगितले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम लढाईबद्दल थोडेसे. पुण्यातील इंग्रज फौजेला कुमक हवी होती. म्हणून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. रात्रभरात सुमारे २५ मैल चालून सकाळी ते भीमेकाठी पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीरावाचा तळ. दिवसभर गावातील घराघरांतून लढाई झाली. अन्न नव्हते, आणि नदी समोर दिसत असूनही पाणी मिळत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास लढाई थांबली. जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने बाजीरावाने तळ हलवला. स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला.

स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. तो उभारला कंपनी सरकारने, स्वतःच्या लष्कराच्या अभिमानासाठी. त्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत आणि लढाईत पडलेल्यांची ४९ नावे आहेत. त्यांतील २२ नावे 'नाक' या शब्दाने संपतात. 'नाक' म्हणजे नायक, आणि ही महार शिपायांची ओळख. गोपनाक, भागनाक, रूपनाक अशी ही नावे बापाच्या नावासह कोरलेली आहेत, आणि बापाचे नावही 'नाक'च. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात लिहिले आहे की पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे. त्याच पुण्यापासून काही मैलांवर दगडात अस्पृश्य बापलेकांची नावे कोरली गेली. कोरणाऱ्याचा हेतू काहीही असो, हे घडले खरे.

ज्यांनी स्तंभ उभारला त्यांनीच पुढे या नावांकडे पाठ फिरवली. 'लढाऊ जमाती'चे खूळ निघाले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. शिपाईगिरी म्हणजे नुसती भाकरी नव्हती. शाळा, पेन्शन, गावकीच्या कामातून सुटका हे सारे त्यातून मिळत होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याचेच उदाहरण. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली, आणि याच कांबळ्यांनी कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेतल्या. आमच्या मते स्तंभाचा खरा इतिहास येथून सुरू होतो. कंपनीचे स्मारक त्यांनी कंपनीच्याच वारसांसमोर पुरावा म्हणून ठेवले.

त्याच ठिकाणी १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आले. अवघ्या अडीच महिन्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकातून दुसरे निघाले असा दावा आम्ही करत नाही, पण त्या वर्षीच्या वाटचालीचा पहिला दिवस कोरेगावचा होता. सरकारने मात्र गरज पडली तेव्हाच दार उघडले. १९१७ साली १११ वी महार पलटण काढली आणि युद्ध संपताच १९२१ पर्यंत मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तेथे खंजीर आला. बिल्ल्यावरून स्तंभ गेला, लोक मात्र जातच राहिले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तेथे बुद्धवंदनाही होऊ लागली.

द्विशताब्दीच्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, तेथे दगडफेक व जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती पटेल यांचा चौकशी आयोग नेमला. पुढच्या वर्षी लोक पुन्हा लाखोंनी आले. २०२१ साली कोरोनामुळे घरूनच अभिवादन करावे लागले, तेवढाच काय तो खंड.

आता थोडे स्पष्ट बोलू. अठ्ठावीस हजार हा बाजीरावाच्या सगळ्या फौजेचा अंदाज आहे. प्रत्यक्ष गावावर चालून गेले ते सुमारे दोन हजार. पेशवाईही एका दिवसात बुडाली नाही. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण १७ नोव्हेंबर १८१७ लाच लागले होते, आष्टीची लढाई २० फेब्रुवारी १८१८ ची, आणि बाजीराव शरण आला तो जूनमध्ये. स्तंभावरच्या उरलेल्या नावांत मराठे, राजपूत, मुसलमान आणि ज्यूही आहेत. हे सांगितल्याने २२ नावांचे तेज कमी होते काय? तहानलेल्या पोटाने दिवसभर दुपटीहून अधिक हल्लेखोरांना थोपवणे हे काय कमी आहे! आकडा फुगवला की विरोधकाला तो खोडण्याची आयती संधी मिळते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

दुसरा आक्षेप म्हणजे 'ते इंग्रजांसाठी लढले'. लढलेच. तसेच १७९५ च्या खर्ड्याच्या आठवणींतला शिदनाक मराठ्यांच्या बाजूने लढला. पण खर्ड्यानंतर पेशवाईने त्याच्या जातभाईंना काय दिले, हा प्रश्न आक्षेप घेणारे स्वतःला विचारत नाहीत. इंग्रजांविषयी बाबासाहेबांच्या मनात कसलाही भ्रम नव्हता. 'अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' हा त्यांचा लेख १९९३ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाराव्या खंडात आहे. अस्पृश्यांच्या बळावर इंग्रजांनी हिंदुस्थान जिंकला आणि नंतर त्यांनाच वाऱ्यावर सोडले, हा हिशेब त्यात मांडलेला आहे. आपल्या वाचनालयात तो खंड अवश्य असावा.

जाताजाता एक सूचना. स्तंभ कोरेगावात नसून नदीच्या अलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत आहे. ज्या घरांतून लढाई झाली ते गाव पुलापलीकडे, शिरूर तालुक्यात. १ जानेवारीच्या गर्दीत फूल वाहून पुढे सरकावे लागते, नावे वाचायला उसंत मिळत नाही. म्हणून एखाद्या साध्या रविवारी मुलांना घेऊन जावे, वही-पेन बरोबर ठेवावे, आणि ती सगळी ४९ नावे त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेऊन उतरवून आणावीत.