नेमलेले वाचन : पूर्तता आणि आकलन

प्रास्ताविक

पदवी अभ्यासक्रमासोबत संदर्भग्रंथांची यादी दिलेली असते. तथापि अनेक विद्यार्थी मूळ ग्रंथ न उघडता गाईड व अपेक्षित प्रश्नसंचांच्या आधारे परीक्षा देतात. याचे खापर केवळ त्यांच्या आळसावर फोडता येत नाही. नेमलेल्या भागाचा सारांश शिक्षक तासाला सांगणारच असतील, तर तो अगोदर वाचण्याचे प्रयोजन उरत नाही. पदवी हाती येते, परंतु स्वतंत्रपणे ग्रंथ वाचण्याचे सामर्थ्य येत नाही.

वाचनापूर्वी

'प्रकरण वाचून या' एवढी सूचना पुरेशी नसते. उदाहरणार्थ, महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचे पाचवे प्रकरण नेमताना कठीण शब्दांचे अर्थ आणि एक निश्चित प्रश्न द्यावा : शेतीच्या पाण्यासंबंधी फुले सरकारला कोणते उपाय सुचवतात व त्यांपैकी कोणता आपल्या गावाला आज लागू पडेल? प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर गाईडमध्ये सापडत नाही. त्यासाठी मूळ पाठ वाचावाच लागतो.

वाचनानंतर

वाचलेले लक्षात राहण्यासाठी विद्यार्थी ओळी अधोरेखित करतात किंवा तोच मजकूर पुन्हा वाचतात. अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे उद्बोधक आहेत. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. मात्र आठवड्यानंतर, उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढणाऱ्यांच्या स्मरणात अधिक मजकूर टिकला होता. पुनर्वाचनाने विषय समजल्याचा भास होतो. आठवून लिहिताना उणिवा उघड होतात आणि स्मरणही दृढ होते.

म्हणून तासाच्या आरंभी पाच मिनिटे पुस्तक मिटून मुख्य मुद्दा व एक शंका लिहून घ्यावी. अंतर्गत मूल्यमापनात तिला अल्प गुण असावेत. गुण भाषेच्या सफाईला न देता वाचनाच्या पुराव्याला द्यावेत. अन्यथा महाविद्यालयात प्रथमच पोहोचलेल्या कुटुंबातील विद्यार्थी शंका लिहिण्यास धजणार नाहीत.

समारोप

या पद्धतीत शिक्षकालाही एक सवय सोडावी लागते. वाचून न आलेल्यांसाठी संपूर्ण सारांश सांगितल्यास वाचून आलेल्यांचे श्रम व्यर्थ ठरतात. तासाचा वेळ विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या शंकांना दिला, तरच नेमलेले वाचन त्यांना आवश्यक वाटू लागेल.