धुराचा धनी कोण?

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात हिवाळ्याच्या संध्याकाळी जमिनीलगत धूर साचतो, तो एका ठिकाणाहून आलेला नसतो. चुलीत तुराट्या-पऱ्हाट्या जळत असतात, शिवारात कुठे पाचट पेटवलेले असते आणि रस्त्यावरून डिझेलच्या जुन्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक जात असतात. या धुरात कुणाचा वाटा किती, हे डोळ्यांना कळत नाही, नाकालाही नाही, आणि पीयूसी (वाहनांच्या धुराच्या तपासणीच्या) केंद्रातल्या यंत्रालाही नाही. ते यंत्र डिझेलचा धूर प्रकाश किती अडवतो एवढेच मोजते. पेट्रोलच्या गाडीत ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, पण सगळ्या हायड्रोकार्बनांचा मिळून एकच आकडा देते. त्या आकड्यात बेंझिनसारखा कर्करोगकारक पदार्थ आणि त्याहून बराच निरुपद्रवी हेक्झेन एकाच रकान्यात बसतात. घातक काय आणि ते कुठून आले, हे सांगणारे यंत्र वेगळे आहे. ते शहरी चैनीचे म्हणून बाजूला ठेवले जाते. माझ्या मते त्याची खरी गरज अशा गावांनाच आहे.

ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, आणि त्याच्या पुढे जोडलेला गॅस क्रोमॅटोग्राफ. डायनोवर, म्हणजे रोलरवर जागच्या जागी, चालवलेल्या गाडीचा धूर आधी स्वच्छ हवेत मिसळून पातळ आणि थंड केला जातो, कारण नळकांड्यातून निघाल्यावर हवेत त्याचे जे होते तेच मोजायचे असते. मग काजळी क्वार्ट्झच्या फिल्टरवर धरतात आणि डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात तिच्यातले सेंद्रिय पदार्थ उतरवून घेतात. त्याआधीच फिल्टरवर, जे पदार्थ शोधायचे त्यांचीच ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेली रूपे मोजून टाकलेली असतात. शेवटी ती जेवढी कमी भरतात, त्यावरून वाटेत किती हरवले याचा हिशेब लागतो. हा अर्क साधारण तीस मीटर लांब आणि पाव मिलिमीटर पोकळीच्या नळीतून जातो, तेव्हा त्यातले पदार्थ एकामागून एक बाहेर पडतात. बाहेर पडताच त्यांच्यावर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन आदळतात, रेणू फुटतात आणि तुकड्यांची वजने नोंदली जातात. वायूरूप बेंझिनची खूण 78 वर उमटते, काजळीतल्या बेंझो-ए-पायरीन या कर्करोगकारक पदार्थाची 252 वर. पण बेंझो-ई-पायरीनही 252 चाच! तो नळीतून किंचित आधी निघतो म्हणून वेगळा ओळखता येतो. वजन आणि वेळ या दोन साक्षी जुळल्याशिवाय इथे नाव ठरत नाही.

भारताच्या 2009 च्या हवा-मानकांत बेंझो-ए-पायरीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला एक नॅनोग्रॅम आहे. एवढे सूक्ष्म मोजमाप साध्या साधनाने होत नाही. शिवाय हे यंत्र धुराचा उगम सांगणारे पदार्थही पकडते. होपेन इंजिनाच्या वंगणतेलातून येतात, लेव्होग्लुकोसान लाकूड-काडी जळताना सेल्युलोजपासून तयार होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुण्यासह सहा शहरांत धुराच्या वाट्यांचा अभ्यास करवला, तेव्हा वाहनांच्या धुराची अशी ओळखपत्रे, म्हणजे त्यात कोणता पदार्थ किती याच्या नोंदी, पुण्याच्या एआरएआय या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेने तयार केली. ती सहाही शहरे मोठी होती. मराठवाड्यातले गाव त्यात नव्हते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. हे यंत्र महाग आहे आणि ते चालवायला जाणती माणसे लागतात, हे खरे. पण प्रत्येक गाडीला ते लावा असे कुणी म्हणत नाही; रोजची तपासणी पीयूसीनेच व्हावी. दुसरा आक्षेप असा, की 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 हे कडक मानक आले, म्हणजे प्रश्न आपोआप मिटेल. नव्या गाड्यांपुरते ते खरे आहे. मात्र शहरात नकोशी झालेली जुनी गाडी गावाकडेच येते आणि ट्रॅक्टरांना तर नियमच निराळे आहेत: 2023 पासूनचे कडक मानक 50 अश्वशक्तीच्या वरच्यांना लागू झाले, आणि देशातले बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. ऊसतोडीला निघालेली बीडची कुटुंबे त्याच ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसतात. गावाची हवा मोकळी असते म्हणावे, तर ट्रॉलीतल्या लेकराला त्या मोकळेपणाचा उपयोग काय? तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लेव्होग्लुकोसान चुलीतूनही येते आणि पाचटातूनही, होपेन कोळशाच्या धुरातही सापडतात. मग यंत्राचा निवाडा पक्का कसा? एका पदार्थावर तो पक्का नसतोच. तो पदार्थांच्या आपसातल्या प्रमाणांवर उभा राहतो, आणि ती प्रमाणे इथल्याच जळणाची, इथल्याच इंजिनांची हवीत. शहरातली ओळखपत्रे लावून गावचा हिशेब केला, तर चूलवाल्या बाईच्या माथी ट्रॅक्टरचा धूर मारला जाईल, किंवा ट्रॅक्टरवाल्याच्या माथी पाचटाचा.

यासाठी यंत्र नांदूरघाटला आणावे लागत नाही, फिल्टर पुण्याला न्यावा लागतो. गाळपाच्या हंगामात काही आठवडे आणि पावसाळ्यापूर्वी काही आठवडे हवा खेचून फिल्टर भरायचे, फॉइलमध्ये गुंडाळून गोठवून पाठवायचे. सोबत तुराटी, पऱ्हाटी आणि पाचट वेगवेगळे जाळून घेतलेले नमुने, आणि दहा-पंधरा वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरच्या नळकांड्यातली काजळी.