आपत्तिशिक्षण, शालेय
भूकंप, त्सुनामी, पूर, दरडी कोसळणे इ. नैसर्गिक आपत्तींची कारणे, पूर्वचिन्हे व त्यांपासून बचावाचे उपाय यांविषयी शालेय वयातील मुलांना दिले जाणारे शिक्षण. पृथ्वीचे कवच स्थिर नसून सतत बदलत असते, ही जाण निर्माण करणे हा या शिक्षणाचा पाया होय.

भूपट्ट वर्षाला काही सेंमी. गतीने सरकतात. त्यांच्या सीमांवर साठलेला ताण खडक भंगून एकाएकी मोकळा झाला म्हणजे भूकंप होतो. त्यात सागरतळ उचलला गेल्यास त्सुनामी उद्भवते. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगता येत नाही. मात्र किनाऱ्यावर धक्का जाणवल्यानंतर त्सुनामी येईपर्यंत बहुधा काही मिनिटे मिळतात. त्यांचा उपयोग कसा करावा, हे मुलांना शिकविता येते.

जपानमध्ये या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८५४ च्या त्सुनामीत हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंजी पेटवून गावकऱ्यांना उंचावरची वाट दाखविली. त्यावर आधारलेला पाठ १९३७–४७ या काळात तेथील प्राथमिक पाठ्यपुस्तकांत होता. ११ मार्च २०११ रोजी कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागातील दोन शाळा धोक्याच्या नकाशात पुराच्या क्षेत्राबाहेर होत्या. तरीही धक्का बसताच मुले ठरलेल्या ठिकाणी गेली. तेथील कडा ढासळू लागल्याचे दिसताच, मोठ्यांनी लहानांचे हात धरून, ती आणखी उंच गेली. एकत्र निघालेली ही मुले वाचली. याउलट इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळाही नकाशात पुराच्या क्षेत्राबाहेर होती. शाळेमागे टेकडी असूनही मुलांना सु. ५० मिनिटे पटांगणावरच थांबविण्यात आले; तेथील ७४ मुले व १० शिक्षक दगावले.

नकाशा हा अनुमान असतो, अभय नव्हे, हे महाराष्ट्रातही दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ज्या किल्लारी परिसरात भूकंप झाला, तो तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या परिमंडळात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या परिमंडळात घालण्यात आला.

म्हणून केवळ नियमांचे पाठांतर पुरेसे ठरत नाही. मुलांनी शाळेचा परिसर स्वतः हिंडून पाहावा, उतार, ओढे, कच्च्या भिंती व उंच जागा यांची नोंद करावी, निघण्याच्या वाटा आखून त्यांचा नियमित सराव करावा आणि प्रत्येक सूचनेमागील कारण समजून घ्यावे. कारण ठाऊक असलेले मूल परिस्थिती बदलताच आपला मार्ग बदलू शकते.