समुद्र घरी आणताना

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी समुद्री माशांची काचपेटी घेणार असाल, तर आधी दिवा नि पंप ठरवा, मासे मागाहून. पेटी खिडकीपाशी नको. उन्हाने पाणी तापतं, शेवाळ माजतं. दिवा रोज ८ तास पुरे. १०० लिटरच्या पेटीला तासाला निदान १,००० लिटर पाणी फिरवणारा पंप घ्या. झोताने वरचं पाणी सतत हललं पाहिजे. प्राणवायू तिथूनच मिसळतो. आत रचलेल्या दगडांमागेही पाणी खेळू द्या, नाहीतर घाण तिथेच कुजते. आणि दुकानदाराने जिवंत दगडी प्रवाळ दाखवलं, तरी मोहात पडू नका; २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आमच्याकडे एकदा रात्रभर वीज गेली. सकाळी दोन मासे तरंगत होते. धाकटी दिवसभर जेवली नाही. आता बॅटरीवरचा हवेचा पंप पेटीशेजारीच असतो.