चौथा भाग आधी का आला?

‘स्टार वॉर्स’ मालिकेतले भाग ४, ५ आणि ६ आले १९७७ ते १९८३ या काळात. भाग १, २ आणि ३ मात्र १९९९ ते २००५ मध्ये. या उलट्या क्रमाबद्दल अनेक समजुती रुळल्या आहेत.

गैरसमज : मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांच्याकडे सगळी गाथा तयार होती, त्यांनी ठरवून चौथ्या भागापासून सुरुवात केली.

वस्तुस्थिती : २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत झळकलेल्या चित्रपटाचं नाव नुसतं ‘स्टार वॉर्स’ होतं. सुरुवातीला पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरात ना क्रमांक होता, ना ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक. ‘भाग ४’ ही ओळख त्याला मिळाली एप्रिल १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात.

पूर्वकथेची टिपणं लुकास यांच्याकडे होती, पण तिचा कणाच अजून ठरायचा होता. ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या खर्ड्यात नायक लूकच्या दिवंगत वडिलांचा आत्मा त्याला भेटतो आणि खलनायक डार्थ वेडर ही वेगळीच व्यक्ती असते. वेडर म्हणजेच लूकचे वडील, हे नंतरच्या खर्ड्यांत आलं. भाग १ ते ३ उभे आहेत ते याच नात्यावर.

गैरसमज : त्या वेळी तंत्रज्ञान नव्हतं, एवढंच कारण.

वस्तुस्थिती : हे अर्धंच खरं. १९७७ च्या चित्रपटासाठी लागणारं तंत्रही तयार नव्हतं. त्यासाठी लुकास यांनी १९७५ मध्ये ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही दृश्यपरिणामांची कंपनी उभी केली. खरी अडचण होती खात्रीची. दुसरा चित्रपट निघेल याचा भरवसा नसल्यानं पहिल्यात पूर्ण होणारी गोष्ट हवी होती. म्हणून तो ‘डेथ स्टार’ या शत्रूच्या महाकाय अवकाशतळाच्या विनाशावर आणि विजयसोहळ्यावर संपतो. पूर्वकथा लांबली त्यात मात्र तंत्रज्ञानाचा वाटा मोठा. याच कंपनीनं १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’साठी संगणकावर डायनासोर जिवंत केले, तेव्हा मनातली जुनी नगरं पडद्यावर येऊ शकतील याची लुकास यांना खात्री पटली.

गैरसमज : असा उलटा प्रवास फक्त ‘स्टार वॉर्स’नं केला.

वस्तुस्थिती : इंडियाना जोन्सचा १९८१ चा पहिला चित्रपट १९३६ मध्ये घडतो, तर १९८४ चा दुसरा १९३५ मध्ये. २०२२ च्या कन्नड ‘कांतारा’चं यश पाहून २०२५ मध्ये आलेला ‘चॅप्टर १’ कित्येक शतकं मागे जातो. आधी प्रेक्षक जिंकायचे आणि मग त्यांना मुळाशी न्यायचं, हा निर्मात्यांसाठी कमी जोखमीचा मार्ग आहे.

गैरसमज : क्रमांकानुसार पाहिलं तरच कथा नीट कळते.

वस्तुस्थिती : भाग ३ वेडरची ओळख उघड करतो, तो आधी पाहिला, तर भाग ५ मधला सर्वांत मोठा धक्का हातचा जातो. शिवाय भाग १ ते ३ लिहिले गेले ते अनाकिनचा, म्हणजे पुढे वेडर होणाऱ्या तरुणाचा, शेवट ठाऊक असलेल्यांसाठी. त्यांतली उत्कंठा ‘काय होणार’ याची नाही, ‘हे कसं घडलं’ याची आहे. पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं १९७७ च्या चित्रपटापासून सुरुवात करावी आणि प्रदर्शनाच्या क्रमानं पुढे जावं.