धारोष्ण दुग्ध : प्रशस्ती आणि सावधता

गोठ्यातून थेट दारी येणारे दूध न तापविता घ्यावे काय, अशी विचारणा रुग्ण आमच्याकडे वारंवार करतात. सुश्रुतसंहितेत धारोष्ण दुग्धाची प्रशंसा आहे. मात्र आम दुग्ध गुरू व अभिष्यंदी, तर शृत दुग्ध लघू, हेही तेथेच सांगितले आहे. किटलीतून गावभर फिरून आलेले दूध तर धारोष्णही उरत नाही.

शिवाय बाधित जनावराच्या धारेतूनच ब्रुसेला व गोक्षयाचे जंतू उतरू शकतात. वासाने वा चवीने ते कळत नाहीत. माल्टा बेटावरील ज्वराचे मूळ शेळ्यांत असल्याचे झामिट यांनी १९०५ मध्ये दाखविले. हा ज्वर चढउतार करीत आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, सांधे दुखतात. आमवात समजून चिकित्सा होण्याचा संभव असतो. अशा रुग्णास कच्च्या दुधाविषयी व गोठ्यातील गर्भपातांविषयी अवश्य विचारावे, रक्ततपासणीही करवावी.

७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापविल्यास हे जंतू नष्ट होतात. घरी एक उकळी पुरेशी. म्हणून व्यवसायबंधूंनी चिठ्ठीवर व औषधविक्रेत्यांनी पुडीवर अनुपान लिहिताना केवळ 'दुधाबरोबर' न लिहिता 'उकळून कोमट केलेल्या दुधाबरोबर' असे स्पष्ट लिहावे, ही आमची विनंती.