वळिवड्यातली पोलिश शाळा

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. राहणारे सुमारे ५,०००, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. १९४०पासून सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं होतं. तिथून सुटून भारतात आलेल्या कित्येक मुलांची शाळेची वर्षं तिकडंच बुडाली होती.

त्यामुळे छावणीत बालवर्ग आणि प्राथमिक शाळांपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळी सोय उभी राहिली; धंदेशिक्षणही होतं. युद्ध संपलं की परत जायचं, याच भरवशावर शिकवणं पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमानुसार चाले. हा निर्णय मला मोलाचा वाटतो: देश गमावलेल्या मुलाची भाषा तरी राखली गेली. स्काउट चळवळही जोरात होती. तिचं काम पाहणारे झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की हे सोव्हिएत कैदेतून वाचलेले अधिकारी, पुढे धर्मगुरू झाले.

नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी बालाचडीच्या छावणीत सांभाळलेली अनेक पोलिश मुलंही १९४६मध्ये इथंच आली. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. त्यामुळे अनेक कुटुंबं मायदेशी न जाता ब्रिटन आणि इतर देशांत स्थायिक झाली.